जकार्तात बिऱ्हाड कुठे थाटावे?

जळगावहून एका वाचक भगिनीने लिहिले आहे : "माझ्या यजमानांची कंपनी त्यांना तीन वर्षांसाठी जकार्ताला पाठवत आहे. कारखाना शहराच्या पूर्वेला चिकारांग येथे आहे, परंतु आठवड्यातून दोन दिवस त्यांना शहराच्या मध्यभागी सुदिरमान रस्त्यावरील कार्यालयात बसावे लागेल. मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ५ वर्षांचा आहे. दोघांनाही केमायोरानमधील गांधी शाळेत घालावे, असे तिथल्या एका भारतीय कुटुंबाने सुचवले आहे. सासूबाई ६६ वर्षांच्या, माळकरी आणि पूर्ण शाकाहारी आहेत. कंपनीने तीन घरांचे फोटो पाठवले आहेत : केमांगमध्ये बाग आणि पोहण्याचा तलाव असलेला बंगला, केमायोरानमध्ये २४व्या मजल्यावरचा फ्लॅट आणि चिकारांगमध्ये कारखान्यापासून १५ मिनिटांवरचे घर. यजमानांच्या मनात बंगला भरला आहे. मे महिन्यात पाच दिवस जाऊन घर ठरवायचे आहे. मी भुसावळ आणि जळगाव याबाहेर कधी राहिलेली नाही. कोणत्या भागात घर घ्यावे, आणि सासूबाईंना सोबत न्यावे की नाही, हे सांगावे."

ताई, उत्तर आधी सांगते आणि कारणे नंतर देते. घर केमायोरानमध्ये घ्या, मात्र २४व्या मजल्यावर घेऊ नका, आणि पहिला करार एकाच वर्षाचा करा. सासूबाईंना अवश्य न्या, पण तुमच्याबरोबर लगेच नेऊ नका.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण २०१२ ते २०१८ ही सहा वर्षे आम्ही जकार्तात काढली आणि आमचे पहिले वर्ष केमांगमधल्या तशाच एका बंगल्यात गेले. चोपड्याच्या वाड्यात वाढलेल्या मला दारात फुललेला चाफा आणि मागे हिरवळ पाहून दुसरे काही सुचलेच नाही. आम्ही ते घर रविवारी दुपारी पाहिले होते. तिथून केमायोरानमधल्या मुलाच्या शाळेपर्यंत गाडीने जाऊन पाहिले तेव्हा ३५ मिनिटे लागली. शाळा सुरू झाल्यावर सोमवारी सकाळी त्याच अंतराला एक तास ४० मिनिटे लागली आणि पुढे वर्षभर त्यात फारसा फरक पडला नाही. मुलगा पावणेसहाला अर्धवट झोपेत गाडीत बसायचा, तूप-गूळ लावलेली पोळीची सुरळी मी त्याच्या हातात द्यायची, दोन घास खाऊन तो पुन्हा झोपायचा, आणि शाळेच्या फाटकाशी पोहोचलो की त्याच्या मुठीत त्या पोळीचा जो दमट गोळा झालेला असायचा तो मी बोटे सोडवून काढून घ्यायची. केमांग ते केमायोरान हे अंतर जळगाव ते भुसावळ या अंतरापेक्षा कमी आहे, हे मुद्दाम सांगते, कारण नकाशा पाहून आपली जी फसगत होते ती इथेच होते.

जकार्ता शहराची वस्ती एक कोटीच्या वर आहे आणि भोवतालची बोगोर, देपोक, तांगेरांग, बकासी ही उपनगरे धरली तर ती तीन कोटींच्या पुढे जाते. उपनगरांतली माणसे फार मोठ्या संख्येने रोज सकाळी शहरात येतात आणि संध्याकाळी परततात. रस्ते तुंबले की तिथले लोक त्याला 'माचेत' म्हणतात आणि हा शब्द तुम्ही पहिल्याच दिवशी शिकाल. गर्दी आटोक्यात ठेवण्यासाठी ठरावीक मोठ्या रस्त्यांवर सोमवार ते शुक्रवार, सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते रात्री ९ या वेळेत, सम तारखेला सम क्रमांकाच्या आणि विषम तारखेला विषम क्रमांकाच्याच मोटारी चालू देतात. सुदिरमान रस्ता या यादीत आहे आणि केमायोरानजवळचा गुनुंग सहारी रस्ताही आहे. कंपनी तुम्हाला एकच गाडी देणार असेल तर तिचा क्रमांक सम की विषम हे घर पाहण्याआधीच विचारा आणि त्या क्रमांकाला ज्या दिवशी बंदी असेल त्या दिवशी मुले शाळेत कोणत्या रस्त्याने जातील, हे चालकाकडून प्रत्यक्ष रस्त्यावर समजून घ्या.

म्हणून माझे म्हणणे असे की घराचा भाग ठरवताना सुरुवात शाळेपासून करावी. यजमानांना प्रवासाचा त्रास झाला तरी ते मोठे आहेत, त्यांना चालक मिळेल आणि गाडीत बसून त्यांना फोनवरची कामे उरकता येतील. पाच वर्षांच्या मुलाला मात्र गाडीत रोज तीन तास घालवायला लावणे म्हणजे त्याची झोप, त्याचे खेळणे आणि तुमचा सगळा दिवस गहाण टाकणे आहे. शिवाय आईला शाळेत केवळ सोडण्या-आणण्यासाठी जावे लागते असे नाही. ताप आला, पडला, कार्यक्रम आहे, शिक्षकांनी बोलावले आहे, अशा कारणांनी पहिल्या वर्षात तुम्हाला अनेकदा शाळेत धावावे लागेल, आणि तेव्हा शाळा पंधरा मिनिटांवर असणे हीच तुमची खरी सोय ठरेल. बाग आणि तलाव यांची सवय महिनाभरात होते आणि नंतर ते कुणाच्या लक्षातही राहत नाहीत.

आता यजमानांच्या बाजूने पाहू. केमायोरानला लोकल गाडीचे स्टेशन आहे. चिकारांगची लोकल मार्गिका शहरात वर्तुळाकार फिरते आणि त्या वर्तुळावर केमायोरान, पासार सेनेन, तानाह आबांग, सुदिरमान, मांगाराय अशी स्टेशने येतात. म्हणजे त्यांचा कारखाना आणि त्यांचे कार्यालय ही दोन्ही ठिकाणे घराजवळच्या एकाच लोकलवर आहेत. तुमचे माहेर भुसावळचे आहे, त्यामुळे गाडी वेळेवर सुटणे आणि रस्त्यावर अडकून पडणे यातला फरक तुम्हाला समजावून सांगायला नको. सकाळची गर्दी बकासीकडून शहरात येणारी असते आणि ते उलट दिशेने, शहरातून बाहेर जाणार आहेत, त्यामुळे त्यांना बसायला जागा मिळण्याची शक्यता चांगली आहे. गाडीने जायचे ठरवले तरी टोल रस्त्याने ते मुख्य लोंढ्याच्या विरुद्ध जातील. मात्र चिकारांग आणि कारावांग हा सगळा कारखान्यांचा पट्टा असल्याने त्या रस्त्यावर ट्रक दिवसभर असतात, म्हणून सव्वा ते दीड तास धरूनच चालावे. केमांगहून त्यांना टोल रस्ता गाठण्याआधीच तिथल्या तुंबलेल्या रस्त्यांतून जावे लागेल, हे त्यांना शांतपणे दाखवा. बंगल्याबद्दल वाद घालण्यापेक्षा हा रस्ता दाखवणे जास्त उपयोगी पडेल.

चिकारांगच्या घराबद्दल मी फार लिहीत नाही. तिथे जपानी आणि कोरियन कुटुंबांच्या स्वच्छ, आखीव वसाहती आहेत आणि ज्यांची मुले मोठी होऊन घराबाहेर पडली आहेत अशा जोडप्याला ते घर मी सुचवले असते. तुमच्या बाबतीत मात्र शाळा ४० किलोमीटरवर जाईल आणि दिवसभर तुम्ही दोघी सासू-सुना, ज्यांच्याशी दोन शब्द बोलता येतील असे माणूस न भेटता, घरात बसून राहाल.

पाण्याचा मुद्दा मला सविस्तर सांगायचा आहे, कारण खान्देशातल्या माणसाला तो सहज सुचत नाही. आपल्याकडे घर पाहताना बोअरला किती फुटांवर पाणी लागले हे आपण आधी विचारतो आणि पश्चिमेची भिंत किती तापते ते पाहतो. जकार्तात पाणी येते कुठवर हे विचारावे लागते. शहरातून तेरा नद्या समुद्राकडे जातात, पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याचा जोर सर्वाधिक असतो. २००७, २०१३ आणि २०२० या वर्षांच्या पुरांच्या आठवणी लोक अजून काढतात. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात बोअर खोल खोल जात आहेत हे आपण पाहतोच. जकार्तातही वर्षानुवर्षे जमिनीतले पाणी असेच उपसले गेले, पण तिथली जमीन गाळाची आणि मऊ असल्यामुळे ती खाली खचत गेली, आणि उत्तरेकडचा किनाऱ्यालगतचा काही भाग आज समुद्राच्या पातळीखाली आहे. केमांगला समुद्र दूर आहे, परंतु क्रुकुत नदी वस्तीतून जाते आणि २०१६ व २०२१ साली तिथल्या रस्त्यांवर गाड्या बुडाल्या होत्या. आमच्या गल्लीत पहिल्याच पावसाळ्यात पहाटे पाणी शिरले. मी पलंगावरून पाय खाली सोडला तो थंड पाण्यात पडला आणि दिवा लावावा की लावू नये हे मला कळेना. घर दाखवणाऱ्या दलालाने आम्हाला या गल्लीत पाणी येत नाही असे शपथेवर सांगितले होते.

तुम्ही मे महिन्यात जाणार आहात आणि तेव्हा तिथे कोरडा हंगाम सुरू झालेला असतो. डिसेंबरात पाहिलेल्या जळगावच्या घरावरून मे महिन्यातला उकाडा कळत नाही, तसेच हे आहे. त्या दिवसांत प्रत्येक घर कोरडे आणि नुकतेच रंगवलेले दिसेल. म्हणून खुणा शोधा. लाकडी दारांच्या तळाशी हात फिरवून पाहा, लाकूड फुगलेले किंवा खालची पट्टी नवीन असेल तर पाणी येऊन गेले आहे. विजेची बटणे आणि प्लग नेहमीपेक्षा उंच बसवलेले आहेत का ते पाहा. शेजाऱ्यांच्या फाटकांकडे पाहा. दहापैकी सहा घरांनी दारासमोर सिमेंटचा उंचवटा बांधून घेतला असेल तर तो शोभेसाठी बांधलेला नसतो. आणि पहारेकऱ्याला, ज्याला तिथे 'सातपाम' म्हणतात, एकच शब्द विचारा : "बांजिर?" म्हणजे पूर. तो तोंडाने काही बोलणार नाही, हाताने दाखवील. मी दुसरे घर शोधत फिरत असताना एकाने घोट्याला हात लावला, एकाने गुडघ्याला, आणि एका देखण्या बंगल्यासमोरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने आधी आत मालक आहे का ते पाहिले आणि मग छातीला हात लावला. जमल्यास गल्लीच्या प्रमुखालाही भेटा, त्याला 'एर-ते' म्हणतात. गल्लीतली सगळी माहिती त्याच्याकडे असते आणि पुढे तीन वर्षे तुमचे त्याच्याशी काम पडणारच आहे.

केमायोरान या बाबतीत निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. तो भाग पूर्वी शहराचा विमानतळ होता, १९८५ साली तो बंद झाला आणि त्या मोकळ्या जागेवर प्रदर्शनाची मैदाने व उंच इमारती उभ्या राहिल्या. मोठ्या पावसात तिथल्या रस्त्यांवरही पाणी साचते. फ्लॅटचा फायदा इतकाच की पाणी घरात येत नाही. ते तळघरात जाऊ शकते. २०१३ च्या जानेवारीत शहराच्या मध्यभागातील एका उंच इमारतीच्या तळघरात पुराचे पाणी घुसून माणसे दगावली होती. म्हणून इमारतीच्या व्यवस्थापकाला विचारा की जनरेटर आणि विजेची मुख्य जोडणी तळघरात आहे की वर आहे, आणि उत्तर ऐकून न थांबता ती जागा दाखवायला सांगा. लिफ्ट जनरेटरवर चालतात का, किती चालतात, हेही त्याच वेळी पाहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जकार्तात आणि पश्चिम जावात कित्येक तास वीज गेली होती, तेव्हा उंच मजल्यांवर राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या कुटुंबांनी म्हाताऱ्या माणसांना जिन्याने वर-खाली नेणे किती अवघड झाले ते मला फोनवर सांगितले. भूकंपाचे हलके धक्के तिथे अधूनमधून जाणवतात आणि वरच्या मजल्यांवर ते जास्त जाणवतात. यासाठी २४वा मजला नको. पाचवा ते दहावा यांच्या दरम्यान मिळेल तो घ्या, आणि गॅलरीच्या गजांमधून तुमच्या मुलाचे डोके जाते का ते त्याच दिवशी पाहा. जून-जुलैमध्ये केमायोरानच्या मैदानावर जकार्ता फेअर भरतो तेव्हा तिथले रस्ते रात्री उशिरापर्यंत भरलेले असतात, हे गृहीत धरून चला. शाळेला बहुधा तेव्हा सुट्टी असते.

शाळेबद्दल दोन गोष्टी. गांधी मेमोरियल इंटरकॉन्टिनेंटल स्कूलमध्ये आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहे आणि तुमची मुलगी परत येईल तेव्हा नववीत बसण्याच्या वयाची असेल. जळगावला ज्या शाळेत तिला पुन्हा घालायचे आहे त्या शाळेत आत्ताच जाऊन, तीन वर्षांनी कोणते दाखले लागतील आणि मराठी-हिंदीचे काय, हे लेखी विचारून ठेवा. दुसरे म्हणजे प्रवेश निश्चित झाल्याचे पत्र हातात आल्याशिवाय घराचा करार करू नका. समजा काही कारणाने तिथे जागा मिळाली नाही आणि कंपनीने चिलांदाकच्या जकार्ता इंटरकल्चरल स्कूलची किंवा बिंतारोच्या ब्रिटिश स्कूलची फी भरायचे कबूल केले, तर माझे वरचे उत्तर मी मागे घेते, कारण या दोन्ही शाळा दक्षिणेकडे आहेत. मग घर दक्षिणेत चिपेते किंवा फातमावाती भागात, २०१९ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या स्टेशनापासून पायी जाता येईल इतके जवळ पाहा. यजमानांचे कार्यालयाचे दोन दिवस तरी सोपे होतील. केमांगला मेट्रोचे स्टेशन नाही, म्हणून दक्षिणेत जायचे झाले तरीही तो बंगला नको.

करारात मालक वर्षाचे भाडे एकदम मागेल, बंगल्याला तर दोन-दोन वर्षांचे मागतात. ते कंपनीने आपल्या नावाने भरावे आणि बदली झाल्यास उरलेले भाडे परत मिळेल असे कलम घालून घ्यावे. मंजूर वीजभार विचारा. २२०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) भाराच्या जोडणीवर दोन एसी आणि इस्त्री एकदम लावली की मुख्य बटण पडते. अनेक घरांना आधी पैसे भरून वीज घ्यावी लागते, मीटरमध्ये वीस आकडी क्रमांक दाबायचा असतो आणि शिल्लक संपत आली की ते मीटर रात्री-अपरात्री चिवचिवत राहते. नळाचे पाणी पिऊ नका, मोठ्या बाटल्या घरपोच मिळतात.

आता सासूबाई. त्यांचा निवास परवाना पत्नी-मुलांच्या परवान्याइतका सरळ असेल असे धरून चालू नका, कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्या. परवान्याचे जमत असेल तर केमायोरान त्यांच्यासाठीही योग्य आहे. जवळच पासार बारू ही जुनी बाजारपेठ आहे, तिथे पिढ्यान् पिढ्या कापडाचा व्यापार करणारी सिंधी कुटुंबे आहेत, गुरुद्वारा आहे आणि डाळी, पीठ, हिंग, पापड मिळणारी भारतीय दुकाने आहेत. सुंतर आणि केमायोरान या भागांत भारतीय कुटुंबे राहतात, त्यामुळे हिंदीत बोलणाऱ्या बायका लिफ्टमध्येच भेटतील. बाहेर खाताना मात्र फार जपावे लागेल. सांबाल नावाच्या मिरचीच्या ठेच्यात बहुधा कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, तिला 'तरासी' म्हणतात, आणि भाजीच्या पदार्थांतही ती वरून दिसत नाही. आपल्या ठेच्यासारखे दिसते म्हणून त्यांनी विश्वासाने खाल्ले आणि नंतर कळले, असे होऊ देऊ नका. घरी तुम्ही सर्व करू शकाल. बामणोदच्या वांग्यांसारखी भरताची वांगी मिळणार नाहीत, तिथली वांगी लांबट आणि जांभळी असतात, पण ती विस्तवावर भाजली की भरीत बरे होते. केळी भरपूर मिळतात.

त्यांना रोज सकाळी चालायची सवय असेल असे मी धरते. जकार्तात बहुतेक गल्ल्यांना पदपथ नाहीत, म्हणून इमारतीच्या आवारात फिरायला सलग वाट आहे की केवळ गाड्या उभ्या करायची जागा आहे, हे तुम्ही स्वतः सकाळी सहाला जाऊन पाहा आणि त्या वाटेने पूर्ण एक फेरी मारा.

पाच दिवसांच्या फेरीतला मंगळवार शाळेच्या रस्त्यासाठी राखून ठेवा. सकाळी सव्वासहाला फ्लॅटपासून निघून शाळेच्या फाटकापर्यंत आणि दुपारी शाळा सुटण्याच्या वेळी परत, असा तो रस्ता घड्याळ लावून दोन्ही वेळा पार करा. यजमानांना त्याच सकाळी केमायोरान स्टेशनवरून चिकारांगची लोकल धरायला सांगा.

सासूबाईंनी केव्हा यावे, याचे माझे उत्तर पंचांगाशी जुळते. शाळा जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होते, तेव्हा तुम्ही चौघे पुढे जा. त्या काळात मुक्ताईची पालखी पंढरपूरला गेलेली असते आणि आषाढीनंतर श्रावणात घरी कानबाई, आपली खान्देशी देवी, बसते. भाऊबंदांबरोबर कानबाईचे रोट उरकल्याशिवाय त्यांचा पाय घरातून निघणार नाही आणि तो निघावा असा आग्रहही धरू नये. श्रावण सरल्यावर त्या आल्या तर पाऊस लागायला दोनेक महिने असतील, तोवर तुम्हाला बाजार, दवाखाना आणि शेजार कळलेला असेल, आणि तुमची मुलगी आजीला सांगू लागेल की इथे भाषेला 'बहासा', भूमीला 'बुमी' आणि नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात.